पुसलेला शेतकरी

चित्रं साफ करण्यात उभी हयात घालवलेल्या म्हाताऱ्याने त्या दिवशी माशीचा डाग समजून चक्क एक शेतकरी पुसून टाकला. वसंतातलं हिरवंगार शेत, मधोमध बांध, आणि बांधावरचा तिळाएवढा माणूस कापसाच्या बोळ्यावर!

चित्राच्या मालकीणबाई पाच वाजता येणार होत्या. आयुष्यभर राखलेलं नाव जातंय, या धास्तीने म्हाताऱ्याने घाईघाईने नवा शेतकरी रंगवला आणि चहा घ्यायला आत गेला.

"अहो, तुम्ही दोन काढलेत," बायको बाहेरच्या खोलीतून ओरडली. "आणि भांडतायत मेले!"

खरंच, पुसलेला परत आला होता. बांधावर उभा राहून तो नव्यावर हात उगारत होता.

"दुसऱ्याच्या शेतात माणूस घुसवलात ना? आता निस्तरा!" बायकोने म्हाताऱ्याला सुनावलं.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा चढवला. तेवढ्यात भांडण मिटलं होतं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि नवा बोटाने म्हाताऱ्याकडे दाखवत होता.

"अहो," बायको दोन पावलं मागे सरत म्हणाली, "मघाशी यांच्या मिशा दिसत नव्हत्या."