चौथा ठोका

बोरी गावच्या रेणुकानं रिकाम्या तांब्याच्या घागरीवर पळीनं तीन ठोके मारले, मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि स्पर्धेला पाठवून दिले. सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरला मेसेज आल्यावर वाजणारे नवे आवाज हवे होते, त्याचीच ही स्पर्धा होती.

महिन्यानं भर दुपारी ईमेल आला. रेणुका ओरडलीच, "आत्याबाई, माझा आवाज निवडला! आता जगभर वाजंल!"

सासूबाईंनी, म्हणजे सरजाबाईंनी, तिच्या तोंडात साखर कोंबली. "अजून काय लिवलंय?"

रेणुकानं पुढचं वाचलं. 'चौथा ठोका सर्वांत गोड आहे. तो वाजवणाऱ्यांचंही नाव कळवा, श्रेयनामावलीत देऊ.'

"चौथा? मी तर तीनच मारले होते."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. तीन ठोके वाजले, आणि मग हळूच, खुशीत असल्यासारखा, चौथा.

"घुमला आसंल," सरजाबाई म्हणाल्या.

रेणुकानं घागर पालथी करून पाहिली. आत काही नव्हतं. तिनं पुन्हा तीन ठोके मारले आणि घुमू नये म्हणून घागर दोन्ही हातांनी घट्ट धरली. तरी चौथा आला. तळहातांना तो आतून लागला.

सरजाबाईंना हसू फुटलं. "लय गुणाची हाय! इचार की नाव."

अंगावर काटा आला होता, तरी रेणुकाही हसू लागली. घागरीत वाकून तिनं विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पळी जमिनीवर पडलेली होती. घागरीतून तीन ठोके वाजले आणि थांबले.

आतलं कुणीतरी आता तिच्या चौथ्या ठोक्याची वाट पाहत होतं.

रेणुकानं हसतच पळी उचलली.