निरीक्षण क्रमांक एकतीस

"बाबा, तुमचं आणि आईचं शेवटचं खरंखुरं भांडण कधी झालं?"

प्रश्न टाकून तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. लंबू आणि चष्मिस या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती: विचारून दाखव. पैज हरणं तिच्या रक्तातच नव्हतं. वर्गातून हाक मारली तर मैदानावर ऐकू जायची, म्हणून मुलींनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. हँडबॉल संघाची कर्णधार झाल्यापासून तर ती ते नाव पदवीसारखं मिरवायची.

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आम्ही भांडत नाही बाळा. आम्ही भांडणांचा अभ्यास करतो."

आई हसली आणि तिने ताटाशेजारच्या निळ्या वहीत काहीतरी खरडलं. ती वही जेवतानाही तिच्या हाताशी असायची. दोघंही विद्यापीठात संशोधक. कचेऱ्या, इस्पितळं, कारखाने यांतली माणसं एकमेकांच्या उरावर का बसतात, यावर दोघांनी मिळून निबंधांचा ढीग लिहिला होता.

"मग माझ्या शिबिराचं तरी ठरवा! सोमवारी फॉर्म द्यायचाय. कर्णधारच गेली नाही तर संघ दुसरीकडे जाईल."

"माझी ना नाही," आई म्हणाली.

"माझी आहे," बाबा म्हणाले. "आठ दिवस म्हणजे फार झाले."

"अहो, पण मागच्या आठवड्यात तुम्हीच हो म्हणालात आणि आई नको म्हणाली! मी काय टेनिसचा चेंडू आहे?"

आईने वहीचं पान उलटलं. पंधराव्या वाढदिवसाला मिळालेल्या हुडीची दोरी तिने दातांत धरली. महिन्याभरात त्या दोरीच्या टोकाचा पार कुंचला झाला होता. मग ती उठली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडून पोटभर रडली. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आतल्या साबणाचंही मत घेतलं. तोसुद्धा म्हणतो, आईला विचार."

बाबा खो खो हसले. आईने वही मिटली.

शनिवारी आईबाबांचा नवा निबंध तयार झाला. छापायला जाण्याआधी शुद्धलेखन तपासायचं काम तिचं. पाचवीपासूनचं.

"हा नको तिला," आई म्हणाली.

"अगं, नावं काढून नुसती अक्षरं घातलीत," बाबा म्हणाले. "ज्याचं त्याला वाचायला दिलं तरी ओळखू येणार नाही."

आईने खांदे उडवले.

दुपारी तिने तो उघडला आणि मैत्रिणी आल्या. तिघी पलंगावर पालथ्या पडल्या आणि तिने मोठ्याने वाचायला घेतलं. एक छोटी संस्था. 'अ' आणि 'ब' हे दोन प्रमुख. हाताखाली एकच माणूस, 'क'. पंधरा वर्षांपासून तिथेच.

"पंधरा वर्षं?" लंबू म्हणाली. "मी पंधराव्या मिनिटाला राजीनामा तोंडावर फेकला असता."

"ऐक तर. अ आणि ब यांचं आपसात झकास जमतं. पण कुणी हो म्हणायचं आणि कुणी नाही, हे ते आदल्या दिवशीच ठरवतात. मग क कुणाकडे किती वेळा धावतो, ते मोजतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम! आठवड्याला दोन उलट हुकूम. वेळापत्रक लावलंय मेल्यांनी."

"शी!" चष्मिस उठून बसली. "आणि तो क गप्प कसा? त्याने परवानगी दिली याला?"

तिने पान उलटलं. "क यांच्या वतीने संमतीपत्रावर दोन्ही प्रमुखांनी सह्या केल्या."

"त्याच्या वतीने यांनीच? वा रे वा! चोरानेच पंचनामा लिहायचा!"

"खाली लिहिलंय, सहभागी व्यक्ती कारण न देता कधीही माघार घेऊ शकते."

"त्याला माहीतच नसेल तर घेणार काय, कपाळ?"

तिला किळस आली. ताटात केस सापडल्यावर येते तशी. असा माणूस, सकाळी उठून कामाला लागणारा, दोघांना खूश ठेवता ठेवता धापा टाकणारा. आणि दोघं त्याच्या धापा मोजताहेत. बरं झालं, तिला वाटलं, हे अ आणि ब आईबाबांच्या तावडीत सापडले. आता चांगले चव्हाट्यावर येतील. त्या क्षणी तिला आईबाबांचा इतका अभिमान वाटला की शिबिराचा रागसुद्धा निवला.

मैत्रिणी गेल्या. शेवटचं पान राहिलं होतं. दोरी दातांत धरून तिने पेन्सिल उचलली.

'निरीक्षण ३१. ताण वाढताच क अंगातल्या कपड्याची दोरी दातांत धरतात. त्यानंतर बंद जागेत अकरा मिनिटं रडणं, पाण्याचा आवाज चालू ठेवून. बाहेर येताच विनोद. प्रमुखांवरचा विश्वास अबाधित.'

तिने दोरी तोंडातून काढली. ती ओली होती.

बैठकीच्या खोलीत आईबाबा एकाच सोफ्यावर चहा पीत होते. तिने निबंध समोर ठेवला.

"किती चुका निघाल्या?" बाबांनी विचारलं.

"शुद्धलेखनाची एकही नाही."

तिचा आवाज इतका हळू कधी निघाला नव्हता. बाबांची नजर घड्याळाकडे गेली. आईचा हात निळ्या वहीकडे.

"लिहून घे, आई. वेळही टाक," ती म्हणाली. "मी माघार घेतेय. क च्या जागी आता दुसऱ्या कुणाचं तरी मूल शोधा."