नकार देणारा प्रोग्राम

पडद्यावर ती ओळ उजवीकडे संपतच नव्हती. कंस, तारे, उभ्या रेघा. मोरीच्या जाळीतून ओढून काढलेल्या केसांच्या गुंत्यासारखी. डॉक्टरांनी टंकलेल्या सूचनेतून औषधाची मात्रा शोधून वॉर्डात पाठवणारा हा रेजेक्स, म्हणजे मजकुरातून हवा तो तुकडा हुडकणारा एका ओळीचा साचा, मास्तरांचा होता. सारे ऑफिस या जुन्या प्रोग्रामरला मास्तरच म्हणे. काही अडले की ते त्यात आणखी एक कंस घालत. ती ओळ पुन्हा कुणी वाचत नसे.

सकाळी त्या ओळीने ‘दहा मिलिग्रॅम थांबवा, पाच सुरू करा’ यातून दहा उचलले होते. सिस्टरांनी गोळी रुग्णाच्या तळहातावरून परत घेतली आणि त्या वॉर्डातून तडक इथे ऑफिसात आल्या.

तरुण प्रोग्रामरने आपले काम उघडले. आकडा ओळखणारा एक छोटा पार्सर, म्हणजे मजकूर तुकड्यातुकड्याने समजून घेणारा प्रोग्राम, एकक ओळखणारा दुसरा, ‘थांबवा’, ‘सुरू करा’ ओळखणारा तिसरा. एकमेकांना जोडलेले, प्रत्येकाला स्वतःचे नाव असलेले. कालच्या सूचना त्याने दोन्हींतून सोडल्या. मास्तरांची बाजू सगळी हिरवी: ‘मात्रा सापडली.’ त्याची मधूनमधून लाल: ‘या शब्दापुढे समजले नाही.’

“तुझ्यात एवढ्या चुका?” मॅनेजर म्हणाले. “मास्तरांच्यात एकही नाही.”

“त्या चुका नाहीत, सर. कळत नाही तिथे तो थांबतो.”

“सरक जरा,” मास्तर म्हणाले. बोटांना लागलेला बिस्किटांचा चुरा कीबोर्डवर झाडत त्यांनी ‘थांबवा’साठी एक कंस घातला. सकाळची सूचना आता पाच दाखवू लागली. “घ्या. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं अडकलं होतं.”

तरुण प्रोग्रामरने वाकून एक सूचना टंकली: ‘वीस मिलिग्रॅम बंद करा, दहा द्या.’ ओळीने वीस उचलले. हिरवे.

“असं कोण लिहितं?” मास्तरांनी विचारले.

“आमचे मोठे डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “रोज.”

“मग आणखी एक कंस,” मास्तर म्हणाले.

मॅनेजरांनी मान डोलावली. “आणि तुझं ते काढून टाक रे. वॉर्डात एवढं लाल दिसलं तर लोक घाबरतील.”

उष्ट्या ताटाकडे पाहावे तशा सिस्टर त्या हिरव्या रकान्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वॉर्डात फोन लावला.

“मी येईपर्यंत कुणालाही गोळी देऊ नका.” पलीकडून काही विचारले गेले असावे. “हो, हिरवं दिसलं तरी. हिरवं दिसलं तर मुळीच नको.”