बारापैकी नऊ भिंती

“हात लावू नका हं, ओली आहे अजून,” वडील म्हणाले, तसे दारातल्या दोघांनी आपापले हात मागे घेतले. तोंडं मात्र उघडीच राहिली.

मुलगी त्यांच्या मागे जिन्यात होती. तिला आधी वास आला, मग भिंत दिसली. सकाळी ती कॉलेजला निघाली तेव्हा या भिंतीला पोपडे होते, भेगा होत्या, खिडकीखाली ओलीचा नकाशा होता. आता तिथे वरपासून खालपर्यंत गुळगुळीत, फिकट हिरवा रंग होता. कुठल्याही दुकानात मिळणार नाही असा. तीन घरांच्या उरलेल्या डब्यांतून जमवलेला.

“कामावर खाडा केला आज,” वडील म्हणाले. ते धंद्याने रंगारी. “भेगा लांबी भरून बुजवल्या, दुपारी ती वाळली, लगेच पहिला हात मारला. गेल्या आठवड्यात हा मुलगा नेमक्या तेवढ्याच भागाचा फोटो काढत होता. म्हटलं, परकं पोर, तोंडाने बोललं नाही बिचारं, पण डोळ्यांत खुपलं. उद्या कॅमेरा येणार. आमच्या ठमीची लाज जायला नको.”

हा मुलगा म्हणजे कॉलेजसाठी करायच्या रॅप-व्हिडिओचा डायरेक्टर. मामाकडे कॅमेरा असणं एवढ्या भांडवलावर तिघांच्या गटात त्याला हे पद मिळालं होतं. त्याच्याशेजारची मुलगी फाइल सांभाळायची. मॅडमनी बजावलं होतं, आधी बारा हिप-हॉप व्हिडिओ बघा, परत परत काय येतं ते मोजा, मग आपला आराखडा आणा. फाइलवालीने जीव ओतून मोजलं होतं. खालून लावलेला कॅमेरा बाराच्या बारांत, गल्ली अकरांत, टोळकं दहांत, पोपडे उडालेली भिंत नऊंत, उंची गाडी सहांत. गाडी कुणाकडेच नव्हती. भिंत मात्र तिघांत एकीकडे निघाली, तेव्हा बाकीच्या दोघांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. भिंतीच्या फोटोवर मॅडमची सही झाली. उद्या शूटिंग, परवा फाइल जमा, आणि वर्षाचे निम्मे गुण त्या फाइलवर.

“काका, काम एक नंबर झालंय,” डायरेक्टर म्हणाला, “पण…”

“बारापैकी नऊ,” फाइलवाली हळूच म्हणाली. डॉक्टर नातेवाइकांना ताप सांगतात तसं.

“नऊ काय?”

“काही नाही, बाबा,” मुलगी घाईने पुढे झाली. “आपण जिन्याखालची भिंत घेऊ ना. तीही खराबच आहे.”

“सही या भिंतीवर आहे,” फाइलवाली म्हणाली.

“आणि तुझं गाणं?” डायरेक्टर म्हणाला. “अगं, गाणंच या भिंतीचं आहे!”

वडिलांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “भिंतीचं? मला तर ही म्हणाली, मेहनतीवर आहे.”

“मेहनतीवरच आहे, बाबा.”

“तू काकांना ऐकवलंच नाहीस?” डायरेक्टर दुसऱ्याच्या बाबतीत भारी उदार. त्याने फोन काढला.

“नको, उशीर होतोय तुम्हाला…”

“दोन मिनिटांचं तर आहे!”

तिचा हात फोनपर्यंत पोचायच्या आत तिचाच आवाज खोलीभर झाला होता:

*साऱ्या शहराच्या भिंती माझ्या बापाने हसवल्या,*
*घरच्या चार तेवढ्या त्याने जन्मभर रुसवल्या.*

पहिल्या ओळीला वडिलांची मान डोलत होती. दुसऱ्या ओळीला थांबली. वर्गात याच जागेला मुलांनी बाकं बडवली होती. मॅडमनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘किती खरं!’ ती स्वतः तेव्हा चार दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होती. आज तिला जमीन दुभंगून हवी होती, आणि तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

“ते यमकासाठी आहे, बाबा. ‘हसवल्या’ला दुसरं काही जुळतच नव्हतं.”

“आवाज छान लागलाय,” वडील म्हणाले. मग फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश. “चूक माझी. गिऱ्हाइकाला काय हवंय ते आधी विचारायचं असतं. तीस वर्षं दुसऱ्यांकडे विचारतो, घरच्याच कामाला विसरलो.” ते डायरेक्टरकडे वळले. “ओलं आहे तोवर निघेल. तो खिडकीखालचा डाग मात्र हुबेहूब येणार नाही. पाणी मारून बघू.”

“काका, तुम्ही ग्रेट आहात!”

फाइलवालीने लगबगीने फाइलमधून भिंतीचा सही झालेला फोटो बाहेर काढला आणि त्यांना नीट दिसेल असा धरला.

“बाबा, राहू दे ना,” मुलगी म्हणाली. पण म्हणताना तिची नजर परवाच्या फाइलवर गेली आणि आवाज इतका खाली उतरला, की तो नकार आहे हे तिचं तिलाही पटलं नाही.

वडिलांनी खरवडायची पत्ती घेतली, खिडकीच्या कोपऱ्यात टेकवली आणि तिथेच थांबले. मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही.

“जुन्याचं नवं आजवर पुष्कळ केलं. नव्याचं जुनं करायची वेळ पहिल्यांदाच आली. किती वर्षांचं जुनं करू, ठमे? गाणं तुझं आहे, तू सांग.”