धाकापुरतं

विहिरीच्या कठड्यावर गोणपाट अंथरून ऋतुराजनं दोन पिस्तुलं मांडली आणि चुलत्याला म्हणाला, "नाना, आता नीट ऐका. दोन्ही खेळण्यातलीच हायत. दोन्हीतून प्लास्टिकचा छर्राच जातो. पण ह्याच्यात आन् त्याच्यात जमीन-आस्मानाचा फरक हाय."

रामकिसननानांना त्या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. शेंद्र्याच्या आसपास पाणी टिकलेली ही एकच विहीर, आणि ती त्यांची. दिवसभर इथून टँकर भरून शहराकडं जायचे आणि नव्या वसाहतींच्या टाक्यांत रिकामे व्हायचे. गावातली माणसं घागरी घेऊन येऊ लागली तेव्हा नानांनी आधी काटेरी तार ओढली, मग शहरात असली खेळण्यातली पिस्तुलं विकणाऱ्या पुतण्याला, ऋतुराजला, बोलावून घेतलं. जालना रोडला लागून नानांचा एक माळ होता. तिथं ऋतुराजला हौशी पोरांसाठी नेमबाजीचा खेळ सुरू करायचा होता आणि त्या माळासाठी तो कधीपासून नानांच्या मागं लागला होता. "राखणीचं तेवढं मार्गी लाव, मग माळाचं बघू," असं नाना म्हणाले होते.

पिस्तुलांचा विषय निघाला की ऋतुराजला ऊन-तहान काही समजत नसे. त्यानं पहिलं पिस्तूल उचललं. "ह्याची वरची स्लाइड प्लास्टिकची. छर्रा सुटला की टुचकन मागं येते, हाताला कळत बी नाय. आता हे दुसरं बघा. ह्याला मी सोता धातूची स्लाइड बसवली. आतली नळी बदलली, स्प्रिंग कडक टाकली. छर्रा गॅसच्या जोरावर सुटतो, आन् उन्हात गॅसचा दाब वाढतो ना, त्यामुळं आपल्या उन्हाळ्यात तर हे लई लाथ मारतं. फक्त लागोपाठ झाडलं की मुठीतलं गॅसचं मॅगझिन गार पडतं आन् जोर उतरतो."

"ते ऱ्हाऊ दे. माणूस कोणत्याला भितंय, ते सांग."

ऋतुराज हसला. असा प्रश्न त्याला आजवर कोणत्याच गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

उत्तर द्यायची वेळ आली नाही. तारेपलीकडून दगडाबाई येत होती. गावातल्या बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊमाखू घालणारी ही म्हातारी. ऋतुराजलाही तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, याच विहिरीच्या पाण्यानं. आज तिच्या छातीशी तिचा स्वतःचा नातू होता. मागून सून, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात हळदकुंकवाचं ताट आणि काखेत रिकामी कळशी. सव्वा महिना झाला की बाळंतीण विहीर पुजते आणि भरली कळशी घेऊन घरी जाते. गावातल्या बाकीच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि कोरड्या विहिरीला हळदकुंकू कोण वाहणार?

"रामकिसन, तार सोड बाबा," दगडाबाई म्हणाली. "पोरगी विहीर पुजंल, एक कळशी घिऊन जाईल. देवाचं काम हाय."

"आज देवाचं काम, उद्या सगळं गाव दारात," नाना म्हणाले. "माघारी फिर, मावशी." आणि त्यांनी हाताला लागलं ते पिस्तूल उचललं. ते नेमकं हलकं निघालं. त्याच्या नळीच्या टोकाला नारंगी प्लास्टिक होतं.

दगडाबाईला हसू फुटलं. "अरं, खुलताबादच्या उरसातनं आणलंस व्हय? ठीव ते." तिनं एका हातानं तार वर धरली आणि सुनेला पुढं व्हायची खूण केली.

नानांनी ते खाली ठेवून दुसरं घेतलं. स्लाइड मागं ओढली. बाजूला पडलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर झाडलं. पिस्तूल हातात उसळलं, डबा खणकन वाजला, विहिरीतले पारवे भर्रकन उडाले. लेकरू दचकून रडायला लागलं. सुनेच्या हातातलं ताट कलंडून कुंकू मातीत सांडलं. मग नानांनी नळी दोघींकडं वळवली.

दगडाबाई थबकली, पण फिरली नाही. ती नानांकडं बघतच नव्हती.

"ऋतू," ती म्हणाली, "तू मला खोटं नाय सांगायचास. हे खरं हाय का रं?"

खेळणं आहे मावशी, या आत, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. ऋतुराजच्या ओठांवर ते आलंही. तेवढ्यात मान न वळवता, सहज आठवण झाल्यासारखं नाना म्हणाले, "माळाची मोजणी उद्याच करून टाकू, काय?"

ऋतुराजला स्वतःची लाज वाटली. ती वाटत असतानाच तो बोलला.

"खरं हाय, मावशी."

"तू आणलंस?"

"व्हय."

सून तोवर पळत सुटली होती. कळशी तारेपाशीच पडली. दगडाबाईनं लेकराला पदराखाली घेतलं. तिला पळवत नव्हतं. ढेकळांत अडखळत ती मागं मागं सरकत राहिली, एक तळवा लेकराच्या डोक्याआड धरून.

"राखणीला हेच ठीव," नाना ऋतुराजला म्हणाले आणि पिस्तूल गोणपाटावर ठेवून विहिरीत डोकावायला गेले.

तरी म्हातारी पाठ फिरवीना. तिची नजर ऋतुराजच्या हातांवर खिळली होती. हात रिकामे होते.