हातातला रबरी फुगा

मी मेकॅनिक, गेले सहा महिने एकदा गाडीखाली शिरलो की लवकर बाहेर येत नाही. बायको जेवायला बोलवायला येते, "घरी यायला नको म्हणून दडी मारता," म्हणते आणि पाय धरून बाहेर ओढते. खरं कारण मी तिला सांगितलंच नव्हतं: आडवं पडलं की डोकं शांत होतं, उठलं की असं ठणकतं की भिंत धरावी लागते. परवा चक्कर येऊन पडलो तेव्हा बिंग फुटलं. "मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत वाटाण्याएवढी गाठ आहे," सर्जन म्हणाले. "कॅन्सर नाही, पण नेमकी दारात बसलीय. उभे राहिलात की दार लावते." म्हणजे कार्बोरेटरमधला फ्लोट, वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारा, एवढं मला कळलं. उद्या कवटीला भोक पाडून दुर्बिणीने ती काढणार. आज त्यासाठीचा एमआरआय. आत सरकवण्याआधी टेक्निशियनने हातात रबरी फुगा दिला. "कोंडल्यासारखं वाटलं की दाबा, मी बाहेर काढतो." नळकांडं नाकापासून चार बोटांवर, आवाज पत्रा ठोकल्यासारखा, मला गॅरेजमध्ये असल्यासारखं वाटून डोळा लागला. "झालं काका, उठा." फळी बाहेर आली. वर मोकळं छत, दारात माझ्या चपला घेऊन बायको. मी फुगा दाबला. "आता कशाला? आलात की बाहेर," तो म्हणाला. मी पुन्हा दाबला. बायको माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग चपला खाली ठेवून त्याला म्हणाली, "पडू द्या त्यांना जरा. सहा महिने मीच ओढून काढत होते."