घुमघुम

खिडकीखालच्या डीपीत नव्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बसला आणि घुमघुम थांबली. जुन्या गाभ्याचं पोलाद विजेसोबत थरथरायचं, तापायचं. नवं फारसं हलत नव्हतं, वीजही कमी वाया जायची. ‘पोराला झोप लागत नाही’ म्हणून वैदेहीनंच तगादा लावला होता.

संध्याकाळी शेजारच्या निर्मलाकाकू दारात आल्या. “दूधच सांडलं ना गं त्यानं? एवढं ओरडायचं काय त्यात?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आता भिंतीपलीकडचं सगळंच ऐकू येतं, बाई.”

वैदेहीचे कान तापले. तेवढ्यात ओजसच्या हातून पुन्हा वाटी निसटली. तिनं तोंड उघडलं, आवाज फुटायच्या आतच त्यानं कानांवर हात दाबले आणि जुन्या डीपीसारखा घुमायला लागला, “हूंऽऽऽ.”

आपण ओरडलो की हा खिडकीशी जाऊन का बसायचा, ते तिला काकूंच्या देखत कळलं.